पंधरा ऑगस्ट : सामान्यांचा उत्सव, सामान्यांचे व्रत

(१५ ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यातील एका गृहरचना संस्थेत ध्वजवंदनानंतर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



ध्वजवंदन नुकतेच झाले आहे आणि मुलांच्या हातात अजून खाऊ पडलेला नाही. त्यामुळे वक्त्याने किती वेळ घ्यावा याचे भान मला आहे. तरीही आजच्या दिवशी मनात येणारे काही विचार आपल्यापुढे ठेवावेत, म्हणून उभा आहे.

आज शुक्रवार आहे. १५ ऑगस्ट १९४७ हाही शुक्रवारच होता. त्या शुक्रवारी या देशातील माणूस पहाटे उठला तो एका नव्या देशात. आजच्या शुक्रवारची गोष्ट थोडी वेगळी आहे. उद्या दहीहंडी, परवा रविवार. तीन दिवसांची सलग सुट्टी आली म्हणून काल संध्याकाळपासूनच द्रुतगती महामार्गावर गाड्यांची रांग लागली आहे. आपल्याच इमारतींतील कितीतरी दारांना या क्षणी कुलूप आहे. हे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने दोन दिवस मुलाबाळांना घेऊन पावसात भिजायला जावे, यात गैर काही नाही. पण एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. राष्ट्रीय सण आणि साप्ताहिक सुट्टी यांत नेमका फरक कोणता? हा फरक आपल्या मनात कोठे आहे?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक वर्ग म्हणतो, 'आता कुठली देशभक्ती राहिली आहे? लोकांना सुट्टीशी मतलब.' दुसरा वर्ग म्हणतो, 'बघा, चौकाचौकांत केवढे ध्वनिक्षेपक लागले आहेत, केवढी गाणी वाजत आहेत! देशभक्ती ओसंडून वाहते आहे.' मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिले उत्तर सामान्य माणसाचे मन ओळखत नाही आणि दुसरे उत्तर आवाजालाच भावना समजते. राष्ट्राभिमान ही सामान्य माणसाच्या अंतःकरणात शांतपणे तेवणारी ज्योत आहे. ती विझलेली नाही. मात्र तिला तेल कोणी घालायचे, याचा विचार आपल्याला करायचा आहे.

राज्यकर्त्यांची सुट्टी आणि लोकांचा सण

इतिहासाकडे वळू या, आणि तोही आपल्याच गावाच्या. याच पुण्यात एकदा फार मोठा सरकारी उत्सव झाला होता. दिवस होता २२ जून १८९७. इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून गणेशखिंडीतील राजभवनात रोषणाई, मेजवानी, सारे काही होते. त्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. घरोघरी माणसे दगावत होती, तपासणीच्या नावाखाली सैनिक माजघरात, देवघरात शिरत होते. लोकांच्या घरात सुतक आणि राज्यकर्त्यांच्या घरात दिवाळी! त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी जे केले, ते आपण सर्व जाणतो. त्याची किंमत त्यांनी फासावर चढून चुकवली. दामोदर हरी चापेकरांना येरवड्याच्या कारागृहात १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आले.

मला येथे एवढेच सांगायचे आहे की, हुकूम काढून सुट्टी देता येते, रोषणाई करता येते, पण अभिमान निर्माण करता येत नाही. त्या दिवशी पुण्याला सण होता, पण पुणेकरांना नव्हता. पुढे काळाने आपले काम केले. ज्या राजभवनात ती मेजवानी झाली, त्या वास्तूत स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले. शेतकऱ्यांची, कामगारांची, लहान गावांतून आलेली मुले-मुली आज त्या आवारात शिकतात. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगायचे असेल तर त्यांना त्या इमारतीसमोर उभे करावे आणि ही गोष्ट सांगावी. दुसऱ्या व्याख्येची गरज नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण २६ जानेवारी १९३०चे. लाहोरच्या अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळावा, असे ठरले. त्या दिवसाला सरकारी सुट्टी नव्हती. होती ती सरकारची वक्रदृष्टी. तरी गावोगावी माणसे जमली, त्यांनी ध्वज लावला आणि प्रतिज्ञा घेतली. स्वातंत्र्य मिळायला अजून सतरा वर्षे होती, पण लोकांनी स्वातंत्र्यदिन आधीच सुरू करून टाकला होता. पुढे आपली राज्यघटना अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी हीच तारीख निवडली गेली, ती याच दिवसाच्या स्मरणार्थ. म्हणजे आपला प्रजासत्ताकदिन हा कोण्या राजाच्या वाढदिवसावरून ठरलेला नाही. तो सामान्य प्रजेने आधी पाळला आणि राज्याने नंतर स्वीकारला.

त्याच वर्षी सोलापूरकरांनी केवढे धाडस दाखवले! मे १९३० मध्ये तेथे इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला. त्या काळात राष्ट्रध्वज हाती धरणे हाच गुन्हा ठरला. आज आपली मुले ज्या सहजतेने कागदी झेंडा छातीला टाचतात, त्याच कृतीसाठी तेव्हा सोलापुरात शिक्षा होत होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी आपल्याच येरवड्यात फाशी दिले गेले. या चार नावांत सारा समाज एकवटलेला आहे.

त्याआधी महिनाभर, १२ डिसेंबर १९३० रोजी, मुंबईच्या काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेल्या मालमोटारीपुढे बाबू गेनू आडवा झाला. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा मुलगा, पोटासाठी मुंबईत गेलेला गिरणीकामगार. त्याच्यापाशी ना पदवी होती, ना पुढारीपण. आणि १९४२च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या काँग्रेस भवनावर तिरंगा फडकवण्यासाठी पुढे झालेला नारायण दाभाडे तर मिसरूडही न फुटलेला मुलगा. गोळी लागून तो तेथेच कोसळला. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता, त्याच वर्षी ९ सप्टेंबरला हाती ध्वज घेऊन गोळीला सामोरा गेला, तोही शाळकरी वयाचाच.

बालमित्रांनो, ही मुले तुमच्या वयाची होती, किंवा तुमच्या ताई-दादाच्या वयाची. हे लक्षात ठेवा.

सत्तर वर्षांपूर्वीचा एक पंधरा ऑगस्ट

आता ज्या प्रसंगासाठी मी आज मुख्यतः उभा आहे, त्याकडे येतो. आजपासून बरोबर सत्तर वर्षांपूर्वी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, या देशातील हजारो सामान्य माणसांनी स्वातंत्र्यदिन एका अपूर्व पद्धतीने साजरा केला. त्या आंदोलनाचे केंद्र होते आपले पुणे.

देश स्वतंत्र होऊन आठ वर्षे झाली होती, पण गोमंतक पोर्तुगीजांच्या टाचेखालीच होता. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याची ठिणगी टाकली होती. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाली. दादरा-नगरहवेलीच्या त्या मुक्तिसंग्रामात राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी मंडळी होती. त्यांच्याबरोबर पुण्या-मुंबईकडचे कितीतरी स्वयंसेवक होते, ज्यांची नावे सर्वांना ठाऊक नाहीत. त्या कार्यासाठी लता मंगेशकरांच्या गाण्याच्या कार्यक्रमातून निधी उभा राहिला होता. गाणारा गळा, शाहिरी वाणी, तरुण मनगट, ज्याच्याजवळ जे होते ते त्याने दिले.

त्याच १९५४ साली पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. केशवराव जेधे अध्यक्ष आणि 'केसरी'चे जयंतराव टिळक चिटणीस. ही दोन नावे एकत्र उच्चारताना जुन्या पुणेकरांना आजही विशेष वाटते. कारण जेधे आणि टिळक ही दोन घराणी म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक जीवनातील दोन वेगळे प्रवाह. एकेकाळी त्यांच्यात किती कडवट वाद झाले, ते येथे सांगत बसण्याची गरज नाही. पण देशाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा जेधे मॅन्शन आणि गायकवाड वाडा यांच्यामधले अंतर नाहीसे झाले.

पहिली तुकडी १८ मे १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीत शिरली. तिचे नेतृत्व समाजवादी विचारांचे ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांनी केले. सेनापतींचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर होते! ज्या वयात माणसे काठी शोधतात, त्या वयात हा वृद्ध योद्धा परकीयांच्या लाठ्या खायला निघाला. पाठोपाठ जनसंघाचे जगन्नाथराव जोशी आपली तुकडी घेऊन गेले. मधु लिमये गेले. गोरे, शिरूभाऊ लिमये यांना दहा-दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या आणि आग्वादच्या तुरुंगात त्यांना डांबले गेले. सुधाताई जोशींसारख्या भगिनी त्याआधीच कारागृहात पोहोचल्या होत्या. समाजवादी, जनसंघीय, हिंदुमहासभावादी, साम्यवादी ही सारी मंडळी एका ध्वजाखाली आली. एरवी एकमेकांच्या सभेत प्रश्न विचारून भंडावून सोडणारी ही माणसे एकाच कोठडीत शेजारी-शेजारी झोपली.

आणि मग उजाडला १५ ऑगस्ट. त्या दिवशी निरनिराळ्या वाटांनी तीन हजारांहून अधिक सत्याग्रहींनी गोव्याची सीमा ओलांडली. पाऊस धो-धो कोसळत होता. हाती शस्त्र नव्हते, होता तो फक्त तिरंगा. पंजाबचे, बंगालचे, मध्य प्रदेशाचे, आंध्राचे लोक त्यात होते. त्यांतील बहुतेकांनी गोवा कधी पाहिला नव्हता. गोव्यात त्यांचे नातेवाईक नव्हते, जमीनजुमला नव्हता, भाषाही ठाऊक नव्हती. तरी 'गोवा आमचा आहे' असे त्यांना वाटले. बंधूंनो, राष्ट्र म्हणजे काय, याचे याहून सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. जिथे आपण कधी गेलो नाही, त्या भूमीवरच्या माणसाची वेदना आपली वाटणे म्हणजे राष्ट्र.

पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. वीसहून अधिक सत्याग्रही धारातीर्थी पडले. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ, पंजाबचे कर्नैलसिंग हे त्यांतलेच. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोद्राबाई राय यांनी ध्वज हातात धरला होता. गोळ्या लागल्या, पण ध्वज त्यांनी खाली पडू दिला नाही. पत्रादेवीच्या सीमेवर आज जे हुतात्मा स्मारक उभे आहे, ते या बलिदानाची साक्ष देते. आपण गोव्याला जातो, वर्षातून दोनदाही जातो. जाताना पत्रादेवीला पाच मिनिटे गाडी थांबवतो का? हा प्रश्न मी आपल्यावरच सोपवतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केंद्र सरकारचा या सामूहिक सत्याग्रहाला पाठिंबा नव्हता. म्हणजे बाहेरून आलेल्या इतक्या माणसांची व्यवस्था सरकारी खर्चाने झालेली नव्हती. ती समाजाने केली. जो सीमेवर गेला त्याचे नाव कुठेतरी नोंदले गेले. ज्या माउलीने चार अधिक भाकऱ्या थापल्या, तिचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. पण तिच्या त्या भाकरीवाचून सत्याग्रही सीमेपर्यंत पोहोचला नसता. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी आपल्या सैन्याने गोवा मुक्त केला. त्या विजयाची पायाभरणी मात्र सामान्यांनी सहा वर्षे आधी केली होती.

ध्वज सामान्यांच्या हाती

आता आजच्या काळाकडे येऊ. तरुण मंडळींना कदाचित आश्चर्य वाटेल, पण स्वतंत्र भारतातही अनेक वर्षे सामान्य नागरिकाला वर्षातील कोणत्याही दिवशी आपल्या घरावर राष्ट्रध्वज लावण्याची मोकळीक नव्हती. ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले, तर तो सरकारी इमारतींचा मान होता. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि हे निर्बंध सैल झाले. नवीन जिंदल यांनी चालवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी निर्णय दिला की, सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकवणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात 'हर घर तिरंगा' मोहीम झाली, तेव्हा घरावर रात्रंदिवस ध्वज ठेवण्याचीही परवानगी मिळाली. म्हणजे जो ध्वज सोलापुरात हाती धरणे गुन्हा होता, तो आज झोपडीच्या बांबूवरही अधिकाराने फडकतो.

मी अनेक वर्षे एक गोष्ट पाहत आलो आहे आणि आपणही पाहिली असेल. पंधरा ऑगस्टच्या सकाळी ध्वज सर्वांत आधी कोठे दिसतो? रिक्षाच्या आरशाला. हातगाडीच्या दांडीला. भाजीवालीच्या टोपल्यांमध्ये खोचलेला. बांधकामावर राहणाऱ्या मजुराच्या पत्र्याच्या खोलीवर. महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्याच्या ढकलगाडीवर. या माणसांना सुट्टी नसते. राष्ट्रीय सणाला ज्यांना सुट्टीच मिळत नाही, त्यांच्याकडे त्या सणाची खूण सर्वांत आधी दिसावी, हे मला फार बोलके वाटते. त्यांनी कोणाचे भाषण ऐकलेले नसते. शाळेत जाणारे लेकरू घरात असते, ते झेंडा मागते, आणि बाप आपल्या तुटपुंज्या कमाईतले दहा रुपये काढून देतो. त्या दहा रुपयांचे मोल मोठ्या जाहिरात-फलकांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

ही भावना भाबडी आहे, असे म्हणणारे काही विद्वान आपल्यात आहेत. त्यांना मी नम्रपणे सांगेन की, या वर्षी २२ एप्रिलला पहलगाममध्ये निरपराध पर्यटकांची हत्या झाली, त्यात पुण्यातीलही दोन घरांचे कर्ते पुरुष गेले. तेव्हा हे शहर कसे स्तब्ध झाले होते, ते आपण पाहिले. ज्यांची ओळखदेख नव्हती, अशा माणसांचे डोळे पाणावले. परक्याच्या मृत्यूने आपल्या घरात सुतक आल्यासारखे वाटणे, ही भाबडी गोष्ट नव्हे. समाज जिवंत असल्याची ती खूण आहे.

सोळा ऑगस्टची परीक्षा

मात्र येथेच आपली खरी कसोटी लागते. पंधरा ऑगस्ट सर्वांनाच साधतो. परीक्षा असते ती सोळा ऑगस्टची. उद्या सकाळी फिरायला जाल, तेव्हा रस्त्याच्या कडेला पाहा. चिखलात तुडवलेले, गटाराच्या जाळीत अडकलेले छोटे झेंडे दिसतील. काल छातीवर, आज पायाखाली! ध्वजसंहितेला प्लास्टिकचे झेंडे मान्यच नाहीत, तरी ते विकले जातात, कारण आपण ते घेतो. विकणाऱ्या गरीब पोरावर रागावण्यात अर्थ नाही. फाटलेल्या, जीर्ण झालेल्या ध्वजाचे काय करावे, हेही संहितेने सांगितले आहे. तो इतस्ततः न टाकता, एकांतात, सन्मानपूर्वक, शक्यतो अग्नीला अर्पण करावा. आपल्या घरातील जुन्या देवप्रतिमेचे आपण जसे विसर्जन करतो, तसाच हा भाव आहे. आपल्या संस्काराला तो नवा नाही.

दुसरी गोष्ट गडांची. गेल्याच महिन्यात, ११ जुलैला, शिवछत्रपतींच्या स्वराज्याची साक्ष देणारे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेले. त्यांत आपल्या जिल्ह्यातील शिवनेरी, राजगड आणि लोहगड आहेत. ही बातमी ऐकून आपली छाती अभिमानाने फुगली. आज त्याच लोहगडाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसेल इतकी गर्दी असेल. संध्याकाळी ती गर्दी उतरेल तेव्हा मागे काय राहील? पाण्याच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, तटबंदीवर कोरलेली नावे. ज्या चिऱ्यांसाठी मावळ्यांनी रक्त सांडले, त्या चिऱ्यावर आपल्या मैत्रिणीचे नाव कोरणाऱ्या तरुणाच्या गाडीवर भगवा आणि तिरंगा दोन्ही असतात. त्याचा अभिमान खोटा नाही. तो अशिक्षित आहे. त्याला शिकवणे हे आपले, घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण बोलली पाहिजे. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभी जी प्रतिज्ञा छापलेली असते, ती कोणी लिहिली, हे किती जणांना ठाऊक आहे? पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी. विशाखापट्टणममधील कोषागारातील हे अधिकारी, एक साधे सरकारी नोकर. १९६२ मध्ये त्यांनी ती तेलुगूत लिहिली. पुढे ती देशभरातील मुलांच्या तोंडी गेली, पण कित्येक वर्षे त्यांचे नाव कोणाला माहीत नव्हते. त्या प्रतिज्ञेत आपण सर्व देशवासीयांना भावंडे मानण्याचा शब्द देतो. मग मला सांगा, या आवारात दिवस-रात्र पहारा देणारे आपले सुरक्षा रक्षक, सकाळी जिना झाडणाऱ्या मावशी, घराघरांत धुणीभांडी करणाऱ्या ताई, शेजारच्या बांधकामावर बिहार-ओरिसातून आलेले मजूर, ही आपली भावंडे आत्ता कोठे उभी आहेत? ध्वजवंदन सुरू होते तेव्हा त्यांतले बहुतेक जण कुंपणापाशी, हातातले काम तसेच ठेवून, एकटे ताठ उभे राहिले होते. राष्ट्रगीताची बावन्न सेकंदे ते हलले नाहीत. आपण मात्र त्यांना रांगेत बोलावले नव्हते.

यात कोणाचा दुष्टावा नाही, सवयीचा दोष आहे. पण राष्ट्रीय सणाच्या दिवशी तरी ही सवय मोडली पाहिजे. माझी आपल्या कार्यकारिणीला विनंती आहे की, येत्या २६ जानेवारीला ध्वजवंदनाचा मान या मंडळींपैकी ज्येष्ठ असलेल्या व्यक्तीला द्यावा. अध्यक्षांनी, सचिवांनी तिच्या शेजारी उभे राहावे. आपल्या मुलांना त्या दिवशी जे शिकायला मिळेल, ते दहा व्याख्यानांतून मिळणार नाही.

वर्गणीतून उभे राहिलेले स्मारक

सामान्य माणसाने मनावर घेतले तर काय उभे राहते, याचेही उदाहरण याच शहरात आहे. लष्कर भागात दक्षिण मुख्यालयाचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. १५ ऑगस्ट १९९८ रोजी त्याचे अनावरण झाले. नागरिकांच्या वर्गणीतून ते उभे राहिले, हे त्याचे वैशिष्ट्य. गणेशोत्सवाच्या वर्गणीची परंपरा असलेल्या या शहराने हुतात्म्यांसाठीही वर्गणी काढली. आपल्यापैकी किती जणांनी मुलांना तेथे नेले आहे? चित्रपटगृह आणि मॉल यांच्या फेऱ्या होतात, मग वर्षातून एक फेरी तिकडेही व्हावी.

खडकीला अर्धांगवायूग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. सीमेवर जखमी होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडलेले जवान तेथे राहतात, कामे शिकतात, खेळतात. आणि मुरलीकांत पेटकर यांचे नाव तर आता चित्रपटामुळे घराघरांत पोहोचले आहे. सांगली जिल्ह्यातील हा जवान १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला. १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्याने जलतरणात भारताला वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री त्यांना मिळाली ती २०१८ मध्ये. सुवर्णपदकानंतर सेहेचाळीस वर्षांनी! इतकी वर्षे ते आपल्यातच वावरत होते. चूक एकट्या सरकारची म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या समाजाला आपले वीर ओळखता येत नाहीत, त्याचा अभिमान आंधळा असतो.

म्हणून मी आपल्याला चार छोटी व्रते सुचवतो. श्रावण चालू आहे, आपल्याकडे व्रते घेण्याची पद्धत आहेच.

पहिले व्रत, आज संध्याकाळी मुलांनी गट करून आपल्या आवारातील आणि समोरच्या रस्त्यावरील पडलेले झेंडे गोळा करावेत. मोठ्यांनी त्यांच्याबरोबर जावे.

दुसरे व्रत, प्रत्येक घराने वर्षभरात एका हुतात्म्याची माहिती मिळवावी, शक्यतो आपल्या मूळ गावाकडील. ती पुढच्या पंधरा ऑगस्टला मुलाने येथे उभे राहून दोन मिनिटांत सांगावी. वक्ता बाहेरून आणण्याची गरज पडू नये.

तिसरे व्रत, गडावर, घाटावर, समुद्रकिनारी जाऊ तेथून आपला कचरा आपण परत आणावा आणि दुसऱ्याचाही एक मूठ आणावा.

चौथे व्रत, ज्यांच्या श्रमावर आपले घर चालते, त्या माणसांना राष्ट्रीय सणाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी आणि ध्वजवंदनाला मानाने बोलवावे.

ही व्रते फार लहान आहेत, असे काहींना वाटेल. सेनापती बापटांची आठवण काढणाऱ्याने झेंडे वेचण्याविषयी बोलावे, हे विसंगत वाटेल. पण सेनापतींनीच स्वतः हाती झाडू घेऊन गावे झाडली होती, हे आपण विसरता कामा नये. पारनेरला परतल्यावर सफाईचे काम त्यांनी नित्यनेमाने केले. ज्या हाताला झाडू धरण्याची लाज वाटली नाही, त्याच हाताने पुढे मुळशीच्या शेतकऱ्यांचा आणि गोव्याचा ध्वज उचलला. मोठ्या त्यागाची वेळ कोणाच्या आयुष्यात केव्हा येईल, ते सांगता येत नाही. लहान कर्तव्याची वेळ मात्र रोज येते. रोजच्या कर्तव्यात जो मुरला, तोच वेळ आल्यावर उभा राहतो. १९५५च्या सत्याग्रहींना कोणी आदल्या दिवशी देशभक्त बनवले नव्हते.

वर पाहा, आपला ध्वज पावसाने थोडा जड झाला आहे, तरी वारा आला की उलगडतो. त्याच्या दोरीला आत्ता आपल्यापैकी एकाचा हात लागला. त्या दोरीला दाभाडेचा, शिरीषकुमारचा, सहोद्राबाईंचा हात लागलेला आहे, हे ध्यानात ठेवून आपण घरी जाऊ या. मुलांनो, खाऊ घ्या आणि मग झेंडे गोळा करायला केव्हा जमायचे, ते आपसांत ठरवा.

वंदे मातरम्! भारतमाता की जय!